जलविद्युत धरणे आणि पूर : पाणी कसे अडते, केव्हा सोडावे लागते

लखनौ : पावसाळ्यात उत्तर प्रदेशाच्या तराई भागात शारदा आणि घाघरा या नद्या धोक्याच्या पातळीकडे सरकू लागल्या की ‘नेपाळने पाणी सोडले’ हे वाक्य गावोगावी ऐकू येते. त्याच सुमारास सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत कोयनेच्या विसर्गाची आणि अलमट्टीच्या पाणीपातळीची चर्चा सुरू असते. दोन्हीकडची समजूत सारखीच आहे. धरण म्हणजे नदीला बसवलेला नळ, तो हवा तेव्हा बंद करता येतो आणि हवा तेव्हा उघडता येतो, असे मानले जाते. प्रत्यक्षात धरणाची पूर अडविण्याची शक्ती मर्यादित असते. ती धरणाच्या प्रकारावर, पूर येतो त्या दिवशी जलाशयात शिल्लक असलेल्या रिकाम्या जागेवर आणि पाणी सोडण्याच्या वेळेवर अवलंबून असते. वीजनिर्मितीसाठी बांधलेल्या धरणात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण विजेला भरलेला जलाशय हवा असतो आणि पुराला रिकामा.

धरण नसलेली नदी

लखनौ शहर ज्या गोमतीच्या काठी वसले आहे, तिच्यावर एकही मोठे साठवण धरण नाही. पिलीभीत जिल्ह्यात माधोटांडाजवळील गोमत तालातून ही नदी उगम पावते आणि ९०० किलोमीटरहून अधिक प्रवास करून वाराणसी व गाझीपूर जिल्ह्यांच्या सीमेवर कैथी येथे गंगेला मिळते. तिला हिमालयातील बर्फाचे पाणी मिळत नाही. भूजल आणि पाऊस हेच तिचे आधार आहेत. उन्हाळ्यात ती क्षीण होते. मैदानी प्रदेशातून अत्यंत मंद उताराने वाहत असल्यामुळे अतिवृष्टीनंतर तिचे पाणी सावकाश चढते आणि ओसरण्यासही वेळ लागतो.

१९६० च्या महापुरात लखनौचा मोठा भाग पाण्याखाली गेला. त्यानंतर शहराच्या संरक्षणासाठी नदीच्या दोन्ही काठांवर तटबंध उभारण्यात आले. १९७१ मध्येही गोमतीला मोठा पूर आला. गोमतीच्या खोऱ्यात धरण बांधण्याजोगी खोल, अरुंद दरी नाही. सपाट जमिनीवर थोडे पाणी साठवायचे म्हटले तरी मोठा सुपीक प्रदेश बुडवावा लागतो. त्यामुळे या शहराने पूर साठवून ठेवण्याऐवजी त्याला काठाबाहेर पडू न देण्याचा मार्ग स्वीकारला. शहरात गोमतीवर बॅरेज आहे. मात्र पिण्याच्या पाण्याच्या उपशासाठी नदीची पातळी राखणे हे त्याचे काम आहे. पुराच्या वेळी त्याची दारे उघडून प्रवाहाला वाट करून दिली जाते.

लखनौचा मोठ्या नद्यांशी संबंध कालव्यामार्फत येतो. १९२८ मध्ये सुरू झालेल्या शारदा कालव्याचे शीर्षकाम बनबसा येथे आहे. या कालवाव्यवस्थेचे पाणी शहराच्या पाणीपुरवठ्यासाठीही वापरले जाते. केंद्रीय जल आयोगाच्या ऊर्ध्व गंगा खोरे संघटनेचे कार्यालय लखनौत असून राज्याच्या जलसिंचन विभागाचा आणि जलविद्युत निगमाचा कारभारही येथूनच चालतो. नदीवर धरण नसलेल्या या शहरातून अनेक धरणांविषयीचे निर्णय होतात.

साठवण धरण, प्रवाही प्रकल्प आणि बॅरेज

बातम्यांमध्ये ‘धरण’ हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या रचनांसाठी वापरला जातो. पुराच्या दृष्टीने त्यांच्यातील भेद महत्त्वाचा आहे.

पहिला प्रकार साठवण धरणाचा. उंच भिंतीमागे विस्तीर्ण जलाशय तयार होतो आणि पावसाळ्यातील पाणी पुढील आठ महिन्यांसाठी राखून ठेवता येते. भागीरथीवरील टिहरी, उत्तर प्रदेशातील रिहंद, महाराष्ट्रातील कोयना, सतलजवरील भाक्रा आणि महानदीवरील हिराकूड ही याची उदाहरणे आहेत. पुराचा जोर खऱ्या अर्थाने कमी करण्याची क्षमता याच प्रकारात असते.

दुसरा प्रकार प्रवाही जलविद्युत प्रकल्पाचा. येथे नदीचे पाणी लहान बांधाने अडवून बोगद्यातून किंवा कालव्यातून विद्युतगृहाकडे नेले जाते आणि चक्की फिरवून पुन्हा नदीत सोडले जाते. त्याच्या तळ्यात काही तासांचे पाणी मावते. सायंकाळी विजेची मागणी वाढते तेव्हा वापरण्यासाठी ते पुरेसे असले, तरी पुरापुढे ते काहीच नसते. शारदेवरील टनकपूर प्रकल्प आणि तिच्या वरच्या खोऱ्यातील २८० मेगावॉटचा धौलीगंगा प्रकल्प या वर्गात मोडतात. जून २०१३ च्या पुरात धौलीगंगेचे भूमिगत विद्युतगृहच पाण्याने भरले आणि वीजनिर्मिती बंद पडली. ज्या प्रकल्पाने पूर अडवावा अशी लोकांची अपेक्षा होती, तोच पुराचा बळी ठरला.

तिसरा प्रकार बॅरेजचा. नदीच्या पात्रात दारांची रांग उभी करून पाण्याची पातळी थोडी उंचावली जाते आणि ते पाणी कालव्यात वळविले जाते. बनबसा येथील शारदा बॅरेज आणि घाघरेवरील गिरिजा बॅरेज ही याची उदाहरणे आहेत. मोठा पूर येताच बॅरेजची दारे उचलावीच लागतात; तसे न केल्यास पाणी रचनेला वळसा घालून काठ फोडू शकते. त्यामुळे ‘बॅरेजमधून इतके लाख क्युसेक पाणी सोडले’ या बातमीचा खरा अर्थ ‘इतके पाणी आले आणि पुढे गेले’ असा असतो.

जलाशयाचे मजले

साठवण धरणाच्या जलाशयाची कल्पना उभ्या मजल्यांसारखी करता येते. सर्वांत खालचा मजला मृत साठ्याचा. विद्युतगृहाकडे जाणाऱ्या नळांच्या तोंडाखालील हे पाणी वापरता येत नाही. कालांतराने गाळ साठावा यासाठीही ही जागा धरलेली असते. त्यावर जिवंत साठा असतो. सिंचन, पाणीपुरवठा आणि वीज यांसाठी तोच वापरला जातो. या साठ्याची वरची मर्यादा म्हणजे पूर्ण संचय पातळी. त्याहून वर, कमाल पूर पातळीपर्यंत, तात्पुरत्या फुगवट्यासाठी काही जागा ठेवलेली असते. भिंतीच्या माथ्यापर्यंतची उरलेली उंची सुरक्षिततेसाठी राखून ठेवलेली असते.

पाणी बाहेर जाण्याचे मार्गही वेगवेगळे आहेत. नित्याचा मार्ग विद्युतगृहातून जातो. पुराचे पाणी सांडव्यावरून जाते आणि सांडव्याची वक्राकार दारे ठरावीक उंचीपर्यंत उचलून ते मोजून सोडता येते. काही धरणांत भिंतीच्या खालच्या भागात नदी विमोचकही असतात. या मार्गांच्या क्षमतेत प्रचंड तफावत असते. कोयना धरणाच्या पायथा विद्युतगृहातून नदीपात्रात सुमारे २,१०० क्युसेक पाणी जाते. सांडव्याच्या सहा दारांतून मात्र पुराच्या काळात लाखभर क्युसेकच्या घरातील विसर्ग करावा लागू शकतो. पुराच्या वेळी केवळ विद्युतगृह चालवून जलाशय रिकामा करता येत नाही, याचे कारण या आकड्यांतच आहे.

पुराचे अंकगणित

महाराष्ट्रात साठा टीएमसीमध्ये म्हणजे अब्ज घनफुटांत आणि प्रवाह क्युसेकमध्ये म्हणजे सेकंदाला घनफुटांत सांगितला जातो. एक टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर. एक लाख क्युसेकचा प्रवाह पूर्ण २४ तास वाहिला तर त्यातून ८.६४ टीएमसी पाणी जाते. हा एक आकडा ध्यानात ठेवला तर पुराच्या बहुतेक बातम्यांचा अर्थ लावता येतो.

एक उदाहरण घेता येईल. एखाद्या धरणात २० टीएमसी जागा रिकामी आहे. पाणलोट क्षेत्रात अतिवृष्टी होऊन जलाशयातील येवा तीन लाख क्युसेकवर पोहोचला. खालच्या गावांना धोका पोहोचू नये म्हणून केवळ ५० हजार क्युसेक सोडण्याचे ठरले. उरलेले अडीच लाख क्युसेक पाणी जलाशयात साठत राहील, म्हणजे दिवसाला २१.६ टीएमसी. सुमारे २२ तासांत रिकामी जागा संपेल. त्यानंतरही पाऊस सुरूच राहिला तर येणारे जवळपास सर्व पाणी पुढे सोडण्यावाचून गत्यंतर नाही. आदल्या दिवशी ५० हजार क्युसेकचा निवांत प्रवाह पाहिलेल्या गावांना काही तासांत सहापट पाणी पाहावे लागेल.

पाऊस मात्र २२ तासांच्या आत ओसरला, तर हेच धरण वरदान ठरते. तीन लाखांचा लोंढा ५० हजारांवर उतरलेला असतो. पुराचे एकूण पाणी तेवढेच राहते, पण ते अधिक काळात विभागून जाते आणि सर्वोच्च पातळी खाली येते. तज्ज्ञ यालाच पुराचे शमन म्हणतात.

विजेला पाणी हवे, पुराला जागा

पाण्यापासून मिळणारी वीज दोन गोष्टींवर ठरते : सेकंदाला किती पाणी मिळते आणि ते किती उंचीवरून येते. १०० मीटर उंचीवरून सेकंदाला १०० घनमीटर पाणी आले आणि यंत्रांची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर सुमारे ८८ मेगावॉट वीज मिळते. पायथ्याशी विद्युतगृह असलेल्या धरणात पातळी जितकी वर, तितकी तेवढ्याच पाण्यातून अधिक वीज. शिवाय पावसाळ्याअखेर जलाशय भरला नाही, तर उन्हाळ्यात वीज आणि सिंचन दोन्हींना फटका बसतो.

त्यामुळे धरणाचे व्यवस्थापन करणाऱ्या अभियंत्यासमोर दरवर्षी एकच पेच असतो. जुलैअखेर जलाशय ८० टक्के भरला असेल, तर पुढील पाऊस गृहीत धरून पाणी सोडायचे की ते राखायचे? सोडले आणि ऑगस्ट कोरडा गेला तर दुष्काळाचा दोष त्याच्यावर येतो. राखले आणि अतिवृष्टी झाली तर पुराचा. यावर उपाय म्हणून प्रत्येक मोठ्या धरणासाठी जलाशय परिचालन सूची तयार केलेली असते. कोणत्या तारखेला पातळी जास्तीत जास्त किती असावी, हे ती सांगते. पावसाळ्याच्या सुरुवातीला पातळी खाली ठेवायची आणि माघारी पाऊस जवळ येईल तसतसा जलाशय भरू द्यायचा, हे तिचे तत्त्व. सूची कितपत पाळली जाते, यावरच पूरनियंत्रणाचे यश बरेचसे अवलंबून असते.

टिहरी : एक धरण, दोन वर्षे

गंगेच्या खोऱ्यात या तत्त्वाची प्रचिती टिहरी येथे आली. भागीरथीवरील हे धरण २६०.५ मीटर उंच असून देशातील सर्वांत उंच धरण आहे. तेथील मूळ विद्युतगृहाची क्षमता १,००० मेगावॉट आहे आणि जलाशयाची पूर्ण संचय पातळी ८३० मीटर आहे. दिल्ली आणि उत्तर प्रदेश यांना सिंचन व पिण्यासाठी त्याच्या पाण्याचा लाभ होतो.

जून २०१३ मध्ये केदारनाथच्या परिसरात प्रलय झाला, तेव्हा भागीरथीच्या खोऱ्यातही अतिवृष्टी झाली होती. टिहरीने येणाऱ्या पाण्याचा फार थोडा भाग खाली सोडला आणि उरलेला सामावून घेतला. देवप्रयाग येथे अलकनंदेच्या पुरात भागीरथीचा लोंढा मिसळला असता, तर ऋषिकेश आणि हरिद्वार येथे संकट अधिक गडद झाले असते. मात्र या यशात तारखेचा वाटा मोठा होता. तो पूर १६ व १७ जूनला, पावसाळ्याच्या अगदी आरंभी आला. त्या वेळी जलाशयात भरपूर जागा रिकामी होती.

तीन वर्षांपूर्वी, सप्टेंबर २०१० मध्ये, परिस्थिती उलट होती. पावसाळा संपत आला होता, जलाशय भरत आणलेला होता आणि त्याच वेळी अतिवृष्टी झाली. पातळी ८३० मीटरच्या वर गेली. पाणी सोडावे लागले आणि ऋषिकेश-हरिद्वारच्या काठांवर चिंता पसरली. जलाशयाच्या वरच्या बाजूच्या गावांनाही फुगवट्याचा त्रास झाला. दोन्ही वेळा भिंत तीच होती, दारेही तीच होती. फरक होता तो रिकाम्या जागेचा.

रिहंद : अनेक मालकांचे पाणी

उत्तर प्रदेशाचे स्वतःचे सर्वांत मोठे साठवण धरण राज्याच्या आग्नेय टोकाला, सोनभद्र जिल्ह्यातील पिपरी येथे आहे. रिहंद नदीवरील या काँक्रीटच्या धरणाची कोनशिला १९५४ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते बसविण्यात आली आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी ते पूर्ण झाले. धरणाची उंची ९१ मीटरहून थोडी अधिक आणि लांबी सुमारे ९३४ मीटर आहे. त्यामागील गोविंद वल्लभ पंत सागर हा देशातील सर्वांत मोठ्या कृत्रिम जलाशयांपैकी एक आहे. पायथ्याशी प्रत्येकी ५० मेगावॉटचे सहा संच आहेत. तेच पाणी पुढे ओबरा येथील ९९ मेगावॉटच्या विद्युतगृहात पुन्हा वापरले जाते.

धरण बांधले गेले तेव्हा वीज हा त्याचा प्रमुख हेतू होता. पुढे जलाशयाच्या काठी कोळशाच्या खाणी आणि सिंगरौली, अनपरा, विंध्यनगर, रिहंदनगर येथील औष्णिक वीज केंद्रे उभी राहिली. त्यांची यंत्रे थंड ठेवण्यासाठी याच जलाशयाचे पाणी लागते, म्हणून पातळी फार खाली जाऊ देता येत नाही. दुसरीकडे, रिहंद नदी सोनला मिळते आणि सोन बिहारमध्ये जाते. १९७३ च्या बाणसागर करारात मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि बिहार यांच्यातील सोन खोऱ्याच्या पाण्याची वाटणी झाली. तीत रिहंदचाही विचार झाला आहे. वीज, औष्णिक केंद्रे, सिंचन आणि शेजारी राज्य अशा चार दावेदारांना सांभाळून उरते ती जागा पुराच्या वाट्याला येते.

सोनच्या पुराचे परिणाम किती दूर पोहोचतात, हे ऑगस्ट २०१६ मध्ये दिसले. मध्य प्रदेशातील अतिवृष्टीनंतर सोनवरील बाणसागर धरणातून मोठा विसर्ग झाला. सोनचे पाणी आधीच तुडुंब वाहणाऱ्या गंगेत मिसळले आणि पाटण्याच्या गांधी घाटावर गंगेने तोपर्यंतची सर्वोच्च पातळी गाठली. विसर्गाची वेळ योग्य होती का, हा त्यानंतर वादाचा विषय ठरला.

कोयना, कृष्णा आणि सीमेपलीकडचा जलाशय

महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जलविद्युत प्रकल्प असलेल्या कोयनेची रचना वेगळी आहे. एकूण १,९६० मेगावॉट क्षमतेच्या या प्रकल्पातील बहुतेक वीज पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरवून निर्माण होते. पोफळी येथे सुमारे ४७५ मीटरची उंची मिळते, त्यामुळे सेकंदाला एका घनमीटरमागे चार मेगावॉटहून अधिक वीज हाती येते. वापरलेले पाणी वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्रात जाते. पश्चिमेकडे वर्षाला किती पाणी वळवायचे, याची मर्यादा कृष्णा पाणीतंटा लवादाने ठरवून दिली आहे.

पुराच्या वेळचे पाणी मात्र सांडव्यावरून पूर्वेला कोयना नदीत जाते, कराडला कृष्णेस मिळते आणि सांगलीकडे वाहते. धरणाचा साठा १०५.२५ टीएमसी असला तरी सांगलीचा पूर केवळ कोयनेचा नसतो. कृष्णेवरील धोम, वारणेवरील चांदोली यांचे विसर्ग आणि धरणांच्या खालच्या बाजूस पडणारा, कोणत्याही दाराच्या ताब्यात नसलेला पाऊस, हे सारे एकत्र येते. पंचगंगा पुढे नरसोबाच्या वाडीजवळ कृष्णेला मिळते आणि तिच्या फुगवट्याने पाणी ओसरणे लांबते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली; तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वर येथे एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कृष्णाकाठ पुन्हा बुडाला. त्याच पावसात वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर पाण्याखाली गेले.

कर्नाटकातील अलमट्टी धरणाची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आहे आणि ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढविण्यास महाराष्ट्राचा विरोध आहे. २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्र सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली. अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातील अडथळे यांवर समितीने भर दिला. फुगवट्याचा प्रश्न दोन राज्यांत वादाचा असला, तरी एका बाबीवर मतभेद नाहीत. वरच्या धरणांचा विसर्ग आणि खालच्या धरणाची पातळी यांची माहिती दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांना तासातासाला मिळाली पाहिजे.

उकाई आणि केरळचा धडा

ऑगस्ट २००६ मध्ये तापीवरील उकाई धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत विसर्ग झाला आणि खालच्या सुरत शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. तापीच्या वरच्या खोऱ्यातील पाणी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातून, जळगाव जिल्ह्यातील हतनूर धरणामार्गे, उकाईकडे येते. खोऱ्यातील मुसळधार पावसाआधी जलाशयात पुरेशी जागा केली गेली होती का, यावर त्यानंतर अनेक वर्षे अभ्यास आणि वाद चालले.

ऑगस्ट २०१८ मध्ये केरळमध्ये अतिवृष्टी झाली तेव्हा इडुक्कीसह बहुतेक जलाशय आधीच काठोकाठ भरले होते. इडुक्कीच्या चेरुथोणी धरणाची दारे २६ वर्षांनी उघडावी लागली. पाऊसच असाधारण होता आणि राज्यातील जलाशयांची एकूण साठवणक्षमता त्यापुढे अपुरी होती, असे केंद्रीय जल आयोगाने आपल्या अभ्यासात नमूद केले. जलाशय आधी काही प्रमाणात रिकामे ठेवायला हवे होते, असे टीकाकारांचे म्हणणे होते. ही दोन्ही विधाने परस्परविरोधी नाहीत. अतिप्रचंड पूर कोणतेही धरण रोखू शकत नाही; मध्यम पूर मात्र रिकाम्या जागेमुळे सौम्य होऊ शकतो.

‘नेपाळने पाणी सोडले’ म्हणजे काय

तराईतील समजुतीकडे पुन्हा वळता येईल. घाघरा नेपाळमध्ये कर्णाली या नावाने वाहते. तिच्यावर पूर साठवू शकेल असे मोठे धरण नाही. नेपाळमध्ये दीर्घकाळ कुलेखानी हाच साठवणुकीचा मोठा जलविद्युत प्रकल्प राहिला असून तो बागमतीच्या खोऱ्यात आहे. घाघरेशी त्याचा संबंध नाही. नेपाळच्या पर्वतांत पडणारा पाऊस कोणी न सोडताही उताराने खाली येतो. शारदा आणि गिरिजा या बॅरेजांचे संचालन उत्तर प्रदेशाचा जलसिंचन विभाग करतो. त्यामुळे लखीमपूर खिरी, बहराइच, सीतापूर, गोंडा आणि बाराबंकी जिल्ह्यांतील पुराचे मूळ एखाद्या दाराच्या चावीत शोधण्यापेक्षा साठवणुकीच्या अभावात शोधणे अधिक योग्य ठरते.

हा अभाव भरून काढण्यासाठी भारत आणि नेपाळ यांच्यात फेब्रुवारी १९९६ मध्ये महाकाली करार झाला. शारदेलाच नेपाळमध्ये महाकाली म्हणतात. या करारात ३०० मीटरहून उंच पंचेश्वर धरणाचा प्रस्ताव आहे. वीज आणि सिंचनाच्या लाभाची वाटणी, भूकंपप्रवण प्रदेश आणि मोठे विस्थापन या प्रश्नांमुळे तो अद्याप प्रत्यक्षात आलेला नाही. तोवर तराईचा आधार म्हणजे तटबंध, पूर्वसूचना आणि वेळेवर होणारे स्थलांतर.

किंमत आणि मर्यादा

धरणाने पूर कमी होतो तेव्हा त्याची किंमत अन्य कोणी तरी मोजलेली असते. रिहंदच्या जलाशयाखाली गेलेल्या गावांतील कुटुंबांचे पुनर्वसन हा सिंगरौली परिसराचा दीर्घकाळ चाललेला प्रश्न आहे. टिहरीच्या पाण्यात एक संपूर्ण जुने शहर बुडाले. महाराष्ट्रात टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला आणि सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. देशातील धरणविरोधी लढ्यांच्या आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते.

गाळ ही दुसरी मर्यादा आहे. हिमालयातील नद्या प्रचंड गाळ आणतात. तो केवळ मृत साठ्यात बसत नाही. जलाशयाच्या वरच्या टोकाशी जिवंत साठ्याची जागाही खातो. काळाबरोबर धरणाची पूर सामावण्याची शक्ती घटते, मात्र खाली राहणाऱ्यांची भिस्त तशीच राहते. काही वर्षे पूर आला नाही की नदीच्या पूरपात्रात घरे, बाजार आणि रस्ते वाढतात. मोठा विसर्ग झाला की त्यांचेच नुकसान सर्वांत जास्त होते.

पूर नसतानाही धोका असतो. वीजनिर्मिती सुरू किंवा बंद होताना नदीची पातळी अचानक बदलते. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात लारजी धरणातून पाणी सोडल्यानंतर बियास नदीच्या पात्रात उतरलेले २४ विद्यार्थी वाहून गेले. त्या दिवशी नदीला पूर नव्हता. पात्रात पाणी येत असल्याची प्रभावी सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही. हिमसरोवरे फुटण्याचा धोका तर धरणाच्याच मुळावर येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनक सरोवर फुटले आणि चुंगथांग येथील तिस्ता-३ या १,२०० मेगावॉट प्रकल्पाचे धरण वाहून गेले.

अंदाज, कायदा आणि सूचना

पूर अडविण्याची जागा वाढविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे पुराची माहिती लवकर मिळविणे. दोन दिवस आधी विश्वासार्ह अंदाज मिळाला, तर जलाशयातून आधीच सौम्य विसर्ग सुरू करता येतो. एक लाख क्युसेकचा विसर्ग दोन दिवस आधी सुरू केल्यास १७ टीएमसीहून अधिक जागा मोकळी होते. देशात पूर पूर्वानुमानाची सुरुवात १९५८ मध्ये दिल्लीत यमुनेवरील जुन्या रेल्वे पुलाजवळ झाली. आता केंद्रीय जल आयोग देशभरातील नद्यांच्या पातळीचे आणि जलाशयांतील येव्याचे पूर्वानुमान देतो.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांच्या मालकांवर नियमित तपासणी, आणीबाणीचा कृती आराखडा आणि खालच्या भागातील लोकांना सूचना देण्याची व्यवस्था या जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. त्यांची अंमलबजावणी किती काटेकोर होते, यावर नदीकाठच्या गावांची सुरक्षितता अवलंबून आहे.

विसर्गाची बातमी हाती आली की काठावरच्या नागरिकाने चार गोष्टी पाहाव्यात. जलाशय किती टक्के भरला आहे आणि तारीख कोणती आहे? येवा विसर्गापेक्षा किती जास्त आहे? धरणाच्या खाली, उपनद्यांच्या खोऱ्यात पाऊस सुरू आहे का? आणि सोडलेले पाणी आपल्या गावापर्यंत पोहोचण्यास किती तास लागतात? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे धरण आणखी किती काळ पाणी धरू शकेल हे सांगतात. तिसरे उत्तर धरणाच्या हाताबाहेरचे पाणी किती आहे हे दाखविते. चौथे उत्तर सर्वांत महत्त्वाचे. घरातील माणसे, जनावरे आणि धान्य उंचावर हलविण्यास नेमका तेवढाच वेळ हाती असतो.